जोडीबाईंचा सापळा

बाई पहिल्यांदा घाबरल्या त्या टाळ्या ऐकून.

फळ्याजवळ उभ्या होत्या. समोरच्या बाकावरच्या मुलीकडे हात पुढे करून त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी तुझं पेन जरा लेंड करू का? मग मागच्या बाकावरचा लिफ्टवाला उठला, बाकावर थाप मारली आणि म्हणाला, "पकडलं. घेताना बॉरो, बाई. लेंड देताना." वर्गानं टाळ्यांचा कडकडाट केला. चोर सापडावा तसे बाईंनी दोन्ही हात वर केले, मान खाली घातली आणि आपली खुर्ची त्याच्यासाठी सोडली. लिफ्टवाला रुबाबात येऊन बसला, पायावर पाय टाकून. नियमच होता तसा. बाईंची चूक जो पकडेल त्यानं बाईंच्या खुर्चीत बसायचं, आणि पुढची चूक होईपर्यंत बाईंनी बाकावर.

बाकावर बसून बाई हसत होत्या आणि तळहाताचा घाम रुमालाला पुसत होत्या. खेळ रोजचाच झाला होता, टाळ्याही रोजच्याच. फक्त आज त्यांनी सापळा लावलाच नव्हता.

वर्ग म्हणजे किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. खाली त्याचं यंत्र किरकिरत असायचं आणि बाई म्हणायच्या, घाबरू नका, खाली दात घासणं चाललंय. दिवसभराचं काम आटोपून माणसं संध्याकाळी येत. कुणाच्या बाहीला ग्रीस, कुणाच्या गळ्यात अजून नोकरीचं ओळखपत्र. मोठी माणसं, पोराबाळांची, आणि इंग्रजीपुढे मात्र शाळेत उशिरा पोचल्यासारखी दारात घुटमळणारी. नावांनी कुणी कुणाला हाक मारत नसे. लिफ्ट दुरुस्त करणारा तो लिफ्टवाला. हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करणारी मुलगी आत येताना सवयीनं 'गुड इव्हनिंग' म्हणायची, म्हणून तिचं नावच गुडइव्हनिंग पडलं. अँब्युलन्स चालवणारा चाळिशीचा गृहस्थ वर्गात अवाक्षर बोलत नसे, म्हणून त्याला सगळे सायरन म्हणत. आणि बाई जोडीनं शब्द शिकवायच्या, म्हणून त्या जोडीबाई.

इंग्रजीतले शब्द जुळ्या बहिणींसारखे असतात, हे बाईंचं आवडतं वाक्य. दारात दोघी उभ्या असतात. तुम्ही एकीला हाक मारता आणि ओ देते दुसरी. आपली भाषा इथे हात आखडता घेते, बाई सांगायच्या. उसनं म्हणजे उसनं, कोण घेतंय नि कोण देतंय ते हाताकडे बघून ओळखायचं. इंग्रजांना एवढी नजर नसावी, म्हणून त्यांनी दोन शब्द केले. आपली बस चुकते. पण इंग्रजीत बस 'लॉस्ट' झाली म्हणालात तर समोरचा विचारेल, शेवटची कुठे पाहिली होतीत, रंग कुठला होता? बस मिस होते, छत्री लॉस्ट होते. हिअर आणि लिसन तर बाई हमखास नवरा-बायकोवर शिकवायच्या. भिंतीला कान असतात, भिंत हिअर करते. नवराही तेवढंच करतो. लिसन करायला मात्र मन लागतं. यावर वर्गातले नवरे मान खाली घालत आणि बायका नको तेवढ्या जोरात हसत.

पण हे झालं शिकवणं. बाईंची खरी युक्ती निराळी होती. मोठ्या माणसाला चुकायची लाज फार, तोंड उघडण्याआधीच तो शंभरदा मागे फिरतो. म्हणून बाई स्वतःच चुकायच्या. मुद्दाम, ऐन बोलण्याच्या भरात, अगदी गंभीर चेहऱ्यानं. वर्गानं कान टवकारून बसायचं आणि चूक दिसली की 'पकडलं' म्हणायचं. ज्यांना घरी कुणी बोलू देत नव्हतं, ती माणसं बाईंना पकडण्यासाठी पहिल्यांदा इंग्रजीत तोंड उघडायची. अशी किती वर्षं गेली. बाईंनी हजार वेळा खुर्ची सोडली असेल, आणि दरवेळी ती आपणहून सोडली होती.

पेनाच्या त्या संध्याकाळी घरी जाताना त्या स्वतःची समजूत घालत होत्या. दमले असेन. बोलता बोलता जीभ घसरली असेल, माणूस आहे, यंत्र नाही. पण चालता चालता त्यांच्या तोंडात ते दोन शब्द घोळत राहिले आणि गंमत म्हणजे दोन्ही सारखेच लागायला लागले. बॉरो. लेंड. कुठली घेणारी, कुठली देणारी? घराचं दार येईपर्यंत त्यांनी तळहात आपल्याकडे वळवून, परत बाहेर वळवून, स्वतःलाच शिकवून बघितलं. दारातल्या शेजाऱ्याला वाटलं बाई त्यालाच बोलावतायत.

घरी ताई होती. हेच बाईंच्या भीतीचं मूळ.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. उमेदीत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. अर्ध्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ, आणि आवाज असा की लोक भांडायला फोन करायचे आणि आभार मानून ठेवायचे. एक दिवस जेवताना तिला चमचा हवा होता आणि शब्द आला नाही. ती थांबली. डोळे मिचकावले. म्हणाली, "अगं, तो पाहुणा दे ना इकडे. ताटातून उठतो, तोंडापर्यंत येतो आणि काही न खाता परत जातो." घरात हशा पिकला. त्या दिवसापासून त्यांच्याकडे चमच्याला पाहुणाच म्हणतात, अजून म्हणतात. मग कात्री भांडकुदळ झाली. उशी शेजारीण झाली. छत्रीला तर तिनं भित्री म्हातारी करून टाकलं. जो येईल तो म्हणायचा, ताईंना उतारवयात काय एकेक सुचतंय. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या त्या बाई. शब्दांवरच तर त्यांचं पोट होतं, बहिणीच्या या प्रतिभेचं त्यांना कोण कौतुक. तिचे दोनचार विनोद त्यांनी वर्गातसुद्धा सांगितले होते.

ताई रोजच्या वाण्याकडून घरी यायचा रस्ता चुकली तेव्हा कुठे तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस. रागावला नाही. इतकंच म्हणाला, की तुम्ही हसत होतात तेव्हा आणलं असतंत तर बरंच काही हातात राहिलं असतं. हे वाक्य बाईंच्या छातीत जाऊन बसलं ते बसलंच.

आता ताई खिडकीशी बसून असायची. तिच्याजवळ सगळ्या गोष्टींसाठी एकच शब्द शिल्लक होता, 'ते'. ते दे. ते नको. ते कुठंय? पाणीही ते आणि दुखणंही ते. धाकट्या बहिणीला मात्र अजून 'छोटे' म्हणायची आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी, जुन्या सवयीनं, डोळे मिचकावून हसायची. विनोद गेला होता, मिचकावणं राहिलं होतं.

त्या संध्याकाळी ताईला भरवताना बाईंनी लेकीला हाक मारली, पाहुणा आण गं. आणि हात हवेतच थांबला. तो शब्द आपण गमतीनं म्हणालो, की खरा शब्द आलाच नाही म्हणून? चमचा, चमचा, चमचा, असं त्या मनात घोकत राहिल्या. ताईच्या ओठावरचा घास तसाच वाट पाहत होता.

मग पहाऱ्याचे दिवस सुरू झाले. सकाळी चहा उकळेपर्यंत बाई ओठांतल्या ओठांत जोड्या म्हणायच्या. ब्रिंग इकडे, टेक तिकडे. टीच शिकवणं, लर्न शिकणं. रिमेंबर आपलं आपण, रिमाइंड दुसऱ्यानं. एखादी जोडी गुळगुळीत निघून जायची आणि छातीवरचा धोंडा उतरायचा. एखाद्या दिवशी मध्येच कोरी भिंत यायची. एक शब्द असायचा, त्याच्या शेजारची जागा रिकामी. चहा उतू जायचा. बाई कट्टा पुसायच्या आणि परत पहिल्यापासून सुरू करायच्या, जीभ दुखऱ्या दाताकडे जावी तशा.

लेक दातांच्या लॅबमध्ये कामाला होती, लोकांच्या कवळ्या घडवायची. तोंडांकडे बघायची तिला सवयच. एकदा म्हणाली, आई, हल्ली ओठ काय हलवत असतेस, जप सुरू केलास की काय? बाई पटकन म्हणाल्या, हो, इंग्रजी देवांचा. लेक हसत हसत कामाला गेली आणि बाई दारातच थांबल्या. केवढ्या पटकन सुचलं. ताईला सुचायचं तस्संच.

वर्गात आता खुर्ची वारंवार रिकामी होऊ लागली. गुडइव्हनिंग तर एका आठवड्यात इतक्यांदा खुर्चीत बसली की लिफ्टवाल्यानं तिला विचारलं, भाडं भरतेस का? वर्ग इतका रंगात कधी आला नव्हता. बाई काय फॉर्मात आहेत, असं एकमेकांना सांगत लोक नवे विद्यार्थी घेऊन येऊ लागले. कुठल्या चुका बाईंनी पेरलेल्या होत्या आणि कुठल्या आपोआप उगवल्या होत्या, हे एकट्या बाईंना ठाऊक होतं. काही दिवसांनी त्यांनाही नेमकं सांगता येईना. आधी चूक व्हायची, मग टाळ्या पडायच्या, मग त्या हात वर करायच्या, आणि हात वर केले की मनालाही वाटायचं, मुद्दामच केली असेल.

ताईला लपण्यासाठी दरवेळी नवा विनोद शोधावा लागला होता. बाईंना लपायला अख्खा वर्ग मिळाला होता, तोही टाळ्या वाजवणारा. या विचारानं त्या जिन्यातच कठडा धरून थांबायच्या. आणि तरी वर गेल्यावर त्या हसत आत शिरायच्या.

एका संध्याकाळी वर्ग सुटला, पायऱ्यांवरचा गलबला खाली उतरला, आणि सायरन मागे राहिला. तसा तो बाकं सरळ करायला नेहमीच थांबायचा. आज मात्र सगळी बाकं जागच्या जागी लागली तरी गेला नाही. बाई फळा पुसत होत्या. पाठ फिरवलेलीच बरी, असं त्यांना का कोण जाणे वाटलं.

"बाई, एक विचारू?"

बाई म्हणाल्या, विचारा की, तुमचा आवाज ऐकायला मिळतोय हेच नवल.

त्यानं जे सांगितलं ते असं. त्याच्या हॉस्पिटलात परदेशातले डॉक्टर होते, पेशंट वाटेत असतानाच फोनवर इंग्रजीत हालहवाल कळवावी लागे. त्यासाठीच तर तो शिकायला आला होता. परवा गाडीत एक म्हातारी बाई होती, नुसती चक्कर येत होती. त्यानं फोनवर सांगितलं, पेशंट ड्राउझी आहे. तिकडे धावपळ उडाली, डोक्यात काही फुटलं असेल म्हणून सगळी फौज दारात. म्हातारी आपल्या पायांनी उतरली आणि तिनंच त्यांना विचारलं, कुणाला काय झालंय?

"नुकसान काही झालं नाही," सायरन म्हणाला. "हसले सगळे. पण बाई, तुम्ही आम्हाला ड्राउझी म्हणजे चक्कर असंच शिकवलं होतं. आणि डिझी म्हणजे गुंगी. मी शंभरदा घोकलंय."

बाईंच्या हातातलं डस्टर फळ्यावर एकाच जागी फिरत राहिलं. ड्राउझी. डिझी. दारात दोघी बहिणी उभ्या, दोघींचा चेहरा एक. त्या वळल्या आणि चेहरा फुलवून म्हणाल्या, "अहो, सापळा होता तो. तुम्ही कुणी पकडलाच नाहीत. मी म्हटलं बघू, कधी पकडतायत."

सायरन हसला नाही.

"बाई, तुम्हाला माहीत नसेल. सापळा लावायच्या आधी तुम्ही चष्मा काढता."

"काय?"

"दरवेळी. चष्मा काढता, काच पुसल्यासारखं करता, आणि मग चुकीचं बोलता. ही माझी तिसरी खेप आहे तुमच्या वर्गाची. मी बोलत नाही, बघत बसतो. चष्मा उतरला की मला कळतं, आता सापळा." तो थांबला. "ड्राउझी शिकवलंत त्या दिवशी चष्मा नाकावरच होता. पेनाच्या दिवशीही. हल्ली बहुतेक वेळा नाकावरच असतो."

खालचं यंत्र बंद झालं. किल्लीवाल्यानं शटर ओढायला घेतलं असावं, लोखंडाचा खडखडाट जमिनीतून वर आला. बाई आपल्याच खुर्चीत, कुणी न पकडता, बसल्या. त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला आणि वाटेतच थिजला. इतकी वर्षं आपण लपवतोय असं समजून ज्या गोष्टीचा खेळ केला, ती हा माणूस पहिल्या बाकावरून रोज उघडी बघत होता.

त्यांनी अजून एकदा प्रयत्न केला. म्हणाल्या, चांगले हेर आहात, अँब्युलन्स सोडून पोलिसांत जा.

"हसवू नका, बाई," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी रोज लोकांना नेतो. घरचे सांगतात, कालपर्यंत छान हसत होते हो. सगळे तेच सांगतात."

मग बाईंनी त्याला ताईचं सांगितलं. पाहुण्याचं, शेजारणीचं, डॉक्टरच्या त्या वाक्याचं. हे त्यांनी लेकीलाही असं सलग कधी सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, मला भीती वाटते. सायरन म्हणाला, वाटणारच. उगाच धीर द्यायच्या फंदात तो पडला नाही. जाताना एवढंच म्हणाला, की उलटं झालं असतं तर काय, हे त्याला परवापासून गाडी चालवताना आठवतं. खरोखरच गुंगीत बुडत चाललेला पेशंट असता आणि तो फोनवर नुसतं चक्कर म्हणाला असता तर.

बाईंनाही दुसऱ्या दिवशी दिवसभर तेच आठवत राहिलं. पकडलेली चूक खोलीतच मरते. न पकडलेली चूक माणसांबरोबर जिना उतरते, हॉटेलात जाते, लिफ्टच्या खड्ड्यात उतरते, अँब्युलन्सच्या फोनवर बसते. अशा किती गेल्या असतील? त्यांनी शब्दकोश काढून ती जोडी पाहिली, परत पाहिली, हाताच्या अंगठ्यानं धरून ठेवली. ड्राउझी गुंगी, डिझी चक्कर. वर्गाची वाट चालताना प्रत्येक विजेच्या खांबाला त्यांनी ते ऐकवलं. ठरवलं, आज एकही सापळा नाही. पहिल्यांदा ही जोडी सुधारून द्यायची, बाकीचं मग बघू.

वर्ग भरला होता. दोन नवी माणसं दाराशी उभी होती. बाईंनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, वळल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, ड्राउझी म्हणजे झोपेची गुंगी. डिझी म्हणजे चक्कर.

"पकडलं," गुडइव्हनिंग उठून म्हणाली.

पाठोपाठ सगळे. उलटं, बाई, उलटं. ड्राउझी चक्कर, तुम्हीच शिकवलंय. आज पाठ पक्का आहे, आज नाही फसणार. टाळ्या पडायला लागल्या. नवी माणसंसुद्धा, काही न कळता, टाळ्या वाजवत होती.

आणि खांबाखांबाला सांगून आणलेली बाईंची खात्री त्या आवाजात विरून गेली. फळ्यावर दोन शब्द होते. दोन्ही त्यांच्याच अक्षरात. कुठला कुठला, काही म्हणजे काही कळेना. इतकी माणसं एकसारखं ओरडतायत म्हणजे तेच खरं असेल. की शब्दकोशात मी सकाळी उलटं पाहिलं? सकाळी पाहिलं ना मी? पायांखालची जमीन जिना होऊन खाली चालल्यासारखी वाटली. गुडइव्हनिंग हसत हसत पुढे आली होती आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, बाईंनी हात वर करण्याची वाट बघत.

हात वर करणं किती सोपं होतं. केले असते तर सगळे हसले असते, त्या बाकावर जाऊन बसल्या असत्या, आणि संध्याकाळ निभावून गेली असती. उद्याचीही निभावली असती. कितीतरी संध्याकाळी निभावल्या असत्या.

बाईंचे डोळे भरून आले. समोरचं काही दिसेना, म्हणून त्यांनी चष्मा काढला.

पहिल्या बाकावर सायरनचा चेहरा उतरला. चष्मा उतरला, म्हणजे सापळा. म्हणजे बाई खोटं बोलणार. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी रुमालानं काचा पुसल्या, डोळे पुसले, आणि चष्मा परत नाकावर चढवला. दोन्ही हातांनी, कानांमागे नीट बसवून. मग त्याच्याकडेच बघत म्हणाल्या,

"आज सापळा नाहीये. यातलं बरोबर कुठलं, ते मला आत्ता खरंच सांगता येत नाही."

एखाददुसरी टाळी वाजली आणि मध्येच लाजून थांबली.

"गेले काही दिवस माझ्या सगळ्या चुका मुद्दाम केलेल्या नाहीत," बाई म्हणाल्या. आवाज थरथरत होता आणि त्यांनी तो थरथरू दिला. "तुम्ही हसलात त्यात तुमचा काही दोष नाही. हसायला मीच शिकवलं. माझ्या बहिणीच्या वेळी मीही अशीच हसले होते."

गुडइव्हनिंगनं खुर्चीवरचा हात काढून घेतला, खुर्ची तापली असावी तसा. लिफ्टवाला खाली बघत होता. सायरननं खिशातून फोन काढला, दोन्ही शब्द शोधले आणि उभा राहिला. वर्गात आपणहून तो पहिल्यांदाच उभा राहत होता.

"बाई बरोबर होत्या," तो म्हणाला. "ड्राउझी गुंगी. डिझी चक्कर. सगळ्यांनी आपलं सुधारून घ्या."

बरोबर होतो हे ऐकून बाईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरोबर असून आपल्याला कळलं नव्हतं, याचा काटा अंगावर तसाच उभा होता. पण तळहाताचा तो घाम, टाळ्या ऐकल्या की फुटणारा, तो मात्र आज फुटला नव्हता. गुडइव्हनिंगनं खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि हळूच विचारलं, बाई, तुम्ही बसता का? त्या बसल्या. त्या दिवशी पुढचा तास वर्गानं त्यांना शिकवला. एकेकानं येऊन एकेक जोडी सांगितली, बाई मान हलवत राहिल्या, आणि जिथे अडलं तिथे, अडलं असं सरळ म्हणाल्या.

घरी लेकीला सांगणं याहून अवघड गेलं. लेक आधी म्हणाली, काहीतरीच काय आई, तू दमली आहेस. मग म्हणाली, माझंही होतं असं. मग तिनं आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि बोलायची थांबली. खिडकीतून ताई म्हणाली, छोटे, ते. कुणाला काही कळलं नाही. ताईनं डोळे मिचकावले आणि हसली. यावेळी दोघी मायलेकींपैकी कुणी हसलं नाही. बाई उठून तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या हाताला काय हवंय ते शोधत राहिल्या. शाल हवी होती.

डॉक्टर तोच होता, ज्यानं ताईला तपासलं होतं. केस पिकले होते. तपासणीच्या दिवशी सकाळी सायरन ड्यूटीवर निघताना मुद्दाम त्यांच्या गल्लीतून आला, मायलेकींना अँब्युलन्सच्या पुढच्या सीटवर घेतलं आणि सायरन न वाजवता दारापर्यंत सोडून गेला. बाहेरच्या बाकावर लेकीनं आईचा हात धरून ठेवला होता. दोघींचे हात गार पडले होते, कुणाचा जास्त ते सांगणं कठीण.

आत गेल्यावर डॉक्टरनं इकडचं तिकडचं विचारलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बाई, मी तुम्हाला तीन शब्द सांगतो. ते लक्षात ठेवायचे. थोड्या वेळानं परत विचारेन."

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तीन? डॉक्टर, मी जोडीनं शिकवते, तिसऱ्याला कुठे बसवू? छान जमलं होतं. डॉक्टर हसला असता, लेकही हसली असती, खोलीतला ताण क्षणात उतरला असता.

बाईंनी ते वाक्य गिळलं. चष्मा नाकावरच आहे ना, ते बोटानं चाचपून पाहिलं. लेकीचा हात जरा घट्ट धरला.

"सांगा," त्या म्हणाल्या.